इमान आणि अनामत

नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेची ओळख पुष्कळदा परक्या गावी होते. घरी असताना आपण शब्द नुसते वापरतो. बाहेर ते आपल्याला नव्याने भेटतात. लखनौला येऊन मला आता सहा वर्षे झाली. येथे आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच माझ्या लक्षात आले, की जे शब्द मी आजीच्या तोंडचे म्हणून अस्सल घरचे समजत होतो, त्यांतील कितीतरी येथील चौकातल्या दुकानदाराच्या तोंडी आहेत. हक्क, हिशेब, कर्ज, जामीन, वसूल, दस्तऐवज, नियत ही सारी मंडळी कोणी अरबस्तानातून, कोणी इराणातून निघाली, दख्खनच्या दफ्तरांत उतरली आणि आपलीच होऊन राहिली. ज्या पेशावर माझे व या मासिकाच्या अनेक वाचकांचे पोट चालते, त्या पेशाचे 'कारकून' हे नावदेखील फारसीच आहे.

परंतु प्रवासात शब्दांचे अर्थ बदलतात. 'जकात' म्हटले की आपल्यापुढे नाक्यावरची मालमोटारींची रांग उभी राहते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईतील जकात संपली, तरी शब्दाची ती आठवण गेलेली नाही. मूळ अरबीत मात्र जकात म्हणजे गरिबांसाठी काढून द्यावयाचा धर्मविहित वाटा. 'अनामत' हा आपल्या कचेऱ्यांतील रोजचा शब्द. तो अरबी 'अमानत'वरून आला. अमानत म्हणजे विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली दुसऱ्याची वस्तू. आणि 'इमान'? आपण कुत्र्याला इमानी म्हणतो, गड्याला इमानदार म्हणतो, फसवणाऱ्याला बेइमान म्हणतो. अरबीत ईमान म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा. मराठीत येताना त्यातील ईश्वर मागे पडला आणि सचोटी तेवढी उरली. वरवर पाहणाऱ्याला हा अर्थाचा संकोच वाटेल. मला मात्र, जे थोडेबहुत वाचले व पाहिले त्यावरून, असे वाटू लागले आहे की आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या पूर्वजांनी या शब्दाचा गाभाच नेमका उचलला. कारण अरबीत अमानत आणि ईमान हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत, आणि इस्लामच्या नीतिविचारातही त्या दोहोंचे नाते तसेच सख्खे आहे.

महंमदांना पैगंबर म्हणून कोणी ओळखण्यापूर्वी मक्केतील लोक त्यांना 'अल्-अमीन' म्हणत. म्हणजे ज्याच्यापाशी ठेव ठेवावी असा माणूस. ते व्यापारी कुळातले. खदीजा या श्रीमंत विधवेचा माल घेऊन ते शामच्या बाजारांत गेले, चोख हिशेब घेऊन परतले, आणि पुढे तिच्याशीच त्यांचा विवाह झाला. त्यांनी एकेश्वराचा उपदेश आरंभिल्यावर मक्का त्यांच्यावर उलटली. इसवी सन ६२२ मध्ये त्यांना मक्का सोडून मदिनेस जावे लागले. हिजरी सनाची गणना त्या वर्षापासून होते. या प्रसंगातील एक तपशील चरित्रकारांनी जपून ठेवला आहे. जिवावर उठलेल्या त्याच मक्केतील कित्येकांच्या ठेवी त्या दिवशीही त्यांच्याच घरी होत्या. त्यांनी आपला चुलतभाऊ अली याला मागे ठेवले, ते ज्याची त्याची ठेव ज्याच्या त्याच्या हाती देण्यासाठी. ते काम उरकल्यावरच अली मदिनेस निघाला. शत्रूचाही माल त्याच्या घरी पोहोचला पाहिजे, मगच आपण मोकळे! धर्मसंस्थापकांच्या चरित्रांत चमत्कार पुष्कळ असतात. मला हा परत केलेल्या ठेवींचा साधा हिशेब त्यांहून अधिक वेळ विचारात पाडतो.

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. कुराण मी वाचले ते अनुवादांतून, रात्रीच्या जेवणानंतर, थोडे थोडे. विनोबांनी अरबी शिकून मूळ कुराणाचा अभ्यास केला आणि त्यातील निवडक वचनांचा 'कुराण-सार' सिद्ध केला, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. पुढे पूर्ण अनुवाद हाती घेण्याचे धैर्य मला त्यामुळेच झाले. अशा ग्रंथात स्वर्गनरक असतील, प्राचीन कथा असतील, ही अपेक्षा होतीच, आणि ते सारे तेथे आहेही. परंतु एकशे चौदा अध्यायांच्या या ग्रंथातील सर्वांत लांब आयत कशाविषयी असावी? दुसऱ्या अध्यायातील ही दोनशे ब्याऐंशीवी आयत कर्जाचा कागद कसा लिहावा याविषयी आहे. एखाद्या मुरलेल्या दफ्तरदाराने परिपत्रक काढावे इतक्या बारकाईने ती लिहिलेली आहे.

तीत सांगितले आहे ते असे. मुदतीचे कर्ज दिले-घेतले तर ते लिहून ठेवावे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि लिहावयास नकार देऊ नये, कारण लेखनाची विद्या ही त्याला ईश्वराने दिलेली आहे. मजकूर सांगावा तो ऋणकोने, म्हणजे ज्याच्या डोक्यावर बोजा आहे त्याने. त्याला समज किंवा शक्ती नसेल तर त्याच्या पालकाने. साक्षीदार घ्यावेत. दोन पुरुष, अथवा एक पुरुष व दोन स्त्रिया असे तेथे म्हटले आहे. स्त्रीच्या साक्षीविषयीच्या या भागावर मुसलमान विद्वानांत आजही वाद आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. हातोहात रोखीचा सौदा असेल तर मात्र न लिहिले तरी चालेल. आणि शेवटी, लेखनिकाला किंवा साक्षीदाराला कोणीही उपद्रव देऊ नये. ही शेवटची ओळ वाचून मी पुस्तक मिटले आणि क्षणभर स्वस्थ बसलो. आम्हां लिपिकांच्या संरक्षणाची तरतूद इतक्या वरच्या ठिकाणी केलेली असेल, याची मला कल्पना नव्हती.

आपल्याकडे मात्र कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी एक समजूत आहे. स्नेह्याला पैसे देताना चिठ्ठी लिहून घेणारा माणूस कोता ठरतो. या समजुतीला उत्तर मला पुस्तकातून नव्हे, शेजारातून मिळाले.

आम्ही राहतो ते घर जुन्या वस्तीत आहे. खाली रस्त्याच्या बाजूला एका वृद्ध गृहस्थांचे पुस्तकबांधणीचे दुकान होते. सारी गल्ली त्यांना 'चचा' म्हणे, तसेच आम्हीही म्हणू लागलो. ते मला 'बाबूजी' म्हणत आणि माझ्या पत्नीला 'बेटी'. आम्ही येथे आल्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांचे कागद कापण्याचे यंत्र कायमचे नादुरुस्त झाले. शाळांची कामे यायची वेळ होती. बँकेचे कर्ज मिळण्यासारखे होते. पण व्याज देणे-घेणे कुराणाने निषिद्ध मानले आहे, म्हणून ते त्या वाटेला जाईनात. माझ्यापाशी तीस हजार रुपये होते, गावाकडील घराच्या छपरासाठी ठेवलेले. पावसाळ्याला अवकाश होता. मी ते देऊ केले आणि रिवाजाप्रमाणे म्हणालो, की कागदाबिगदाची गरज नाही.

चचांना ते मुळीच आवडले नाही. त्यांनी समोरच्या शिंप्याला व चहावाल्याला हाक मारली, दोन कोरे कागद पुढे केले आणि मला म्हणाले, "बाबूजी, मुंशी आप हैं, लिखिए आप, मगर बोलूँगा मैं. क़र्ज़ मेरे सर है." मी देवनागरीत लिहीत गेलो आणि ते सांगत गेले: रक्कम किती, कशासाठी घेतली, दरमहा दोन हजार देण्याचे कबूल आहे, मुदत पंधरा महिने. दोघा साक्षीदारांच्या सह्या झाल्या. एक प्रत माझ्याकडे आली, एक त्यांनी लोखंडी पेटीत ठेवली. मी दिलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास होता आणि त्यांच्या शब्दावर माझा. कागद त्यासाठी नव्हताच. माणूस विसरतो, आजारी पडतो, मरतो; त्या वेळी दुसऱ्याचा पैसा हवेत राहू नये, म्हणून कागद. हे त्यांनी मला कधी समजावून सांगितले नाही. ते मला नंतर कळायचे होते.

त्यानंतर कुराण आणि पैगंबरांची वचने वाचताना माझी दृष्टी अशाच जागांवर ठरू लागली, आणि त्या शोधाव्या लागल्या नाहीत. त्र्याऐंशीवा अध्याय उघडतो तोच मापात मारणाऱ्यांच्या धिक्काराने. घेताना पुरेपूर मोजून घ्यायचे आणि देताना हात आखडायचा, अशा माणसांना शेवटच्या न्यायाच्या दिवसाची आठवण तेथे करून दिली आहे. वजनकाट्याचा प्रश्न आणि सृष्टीच्या अंताचा प्रश्न एकाच दमात! हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्तिकृतींच्या संग्रहांत, एक प्रसंग आहे. बाजारातून जाताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे दाणे कोरडे, आतले ओले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तर मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, असा त्यांचा प्रश्न होता. आणि फसवणारा आमच्यांतला नव्हे, हा निर्वाळा. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण तर आपल्याकडेही अनेकांच्या कानांवरून गेलेली असेल.

एकशे सातवा अध्याय अवघ्या सात आयतींचा. पोरक्याला धक्के मारून घालवणारा, भुकेल्याला जेवू घालण्याविषयी उदासीन असणारा माणूस धर्मच खोटा मानतो, असे त्यात सांगितले आहे. आणि लोकांना दाखवण्यापुरता नमाज पढणाऱ्यांची, पण शेजाऱ्याला क्षुल्लक वस्तूही उसनी न देणाऱ्यांची निर्भर्त्सना केली आहे. भाष्यकार या वस्तूंची उदाहरणे देतात ती भांडे, कुऱ्हाड, मीठ अशी. दुसऱ्या अध्यायात तर स्पष्टच म्हटले आहे, की पूर्वेकडे तोंड करावे की पश्चिमेकडे, यात पुण्य नाही. पुण्य आहे ते श्रद्धेत, आणि त्याचबरोबर आप्त, पोरकी मुले, गरजू व वाटसरू यांना आपल्या प्रिय धनातून देण्यात, दिलेला शब्द पाळण्यात आणि संकटात धीर धरण्यात.

वाचकांपैकी बहुतेकजण सरकारी नोकर आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी मुद्दाम सांगतो. पैगंबरांनी इब्नुल-लुत्बिया नावाच्या एका माणसाला एका टोळीकडे जकात वसुलीसाठी धाडले. तो परत आला तेव्हा त्याने आणलेल्या मालाचे दोन भाग केले: हा तुमचा, आणि हा मला भेट मिळाला. यावर पैगंबर मशिदीत उभे राहून सर्वांसमक्ष बोलले. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की हा गृहस्थ आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय? केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांतील तेरावा नियम भेटवस्तूंविषयी आहे. त्यात आप्त किती, मर्यादा किती, कळवावे कोणाला, याचा सारा तपशील दिलेला आहे. तो नियम पाळावाच. परंतु दिवाळीच्या सुमारास मिठाईचा पुडा घेऊन कंत्राटदाराचा माणूस उंबऱ्यात उभा राहिला, की मला नियमाच्या पोटकलमापेक्षा तो चौदाशे वर्षांपूर्वीचा प्रश्न लवकर आठवतो. उत्तर शोधायला पुस्तक उघडावे लागत नाही.

उमैया घराण्यातील खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (राज्यकाल ७१७ ते ७२०) यांची एक आख्यायिका मुसलमान घरांतून सांगितली जाते. ते रात्री राज्याचे काम पाहत असत तेव्हा सरकारी तेलाचा दिवा जळे. पाहुण्याने घरची खुशाली विचारली, की तो विझवून ते स्वतःच्या तेलाचा दिवा लावीत. कचेरीच्या छपाईयंत्रावर मुलांच्या शाळेचे कागद काढण्याच्या काळात ही गोष्ट हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण सांगणाऱ्याला जे सांगायचे आहे ते दिव्याबरोबर कालबाह्य होत नाही.

ऐंशीवा अध्याय मला सर्वांत धीट वाटतो. पैगंबर मक्केच्या एका बड्या माणसाशी बोलत असताना अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम हा अंध मनुष्य शिकण्याच्या ओढीने मध्येच आला. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवले. तेवढ्यावरून खुद्द पैगंबरांनाच बोल लावणाऱ्या आयती उतरल्या: जो बेपर्वा आहे त्याच्याकडे तू लक्ष देतोस, आणि जो धावत तुझ्याकडे आला त्याची उपेक्षा करतोस, असा त्यांचा आशय आहे. आंधळ्याला ती आठी दिसलीही नसेल. तरी ती नोंदवली गेली. हाच अंध गृहस्थ पुढे अजान देऊ लागला आणि पैगंबर मदिनेबाहेर जात तेव्हा काही वेळा नगराची व्यवस्था त्याच्याकडे सोपवली जाई. साहेबांचा दूरध्वनी चालू असताना खिडकीपाशी ताटकळणारी पेन्शनरीण म्हातारी ज्याने पाहिली आहे, त्याला या अध्यायावर भाष्याची जरूर नाही.

चौथ्या अध्यायात एका चोरीचा संदर्भ आहे. भाष्यकार सांगतात, की मदिनेतील एका मुसलमान म्हणवणाऱ्याने चिलखत चोरले आणि आळ एका ज्यू माणसावर घातला. चोराची भाऊबंदकी त्याच्या बाजूने बोलू लागली. त्या वेळी उतरलेल्या आयतींनी विश्वासघातक्यांची वकिली करू नये असे बजावले आणि आपले पाप निरपराध्याच्या माथी मारणे हे दुहेरी ओझे ठरवले. याच अध्यायात न्यायासाठी स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, आप्तांविरुद्धही साक्ष देण्याची आज्ञा आहे, आणि पाचव्यात एखाद्या समाजाच्या द्वेषापोटी अन्याय करू नये अशी ताकीद आहे. आपला माणूस आणि परका माणूस यांच्यात फिर्याद उभी राहते, तेव्हाच नीतीची परीक्षा होते. एरवी आपण सारेच नीतिमान असतो.

आता जकातीकडे वळतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, ही पात्रतेची मर्यादा आपल्या देशात सर्वत्र सांगितली जाते. तिच्याइतकी किंवा तिच्याहून अधिक संपत्ती चांद्र वर्षभर पदरी राहिली, तर शेकडा अडीच काढून द्यायचे. कोणाला, हे नवव्या अध्यायात आठ सदरांनी ठरवून दिले आहे: दरिद्री, गरजू, वसुली करणारे सेवक, ज्यांची मने जोडून घ्यायची ते, गुलामांची मुक्ती, कर्जात बुडालेले, ईश्वरी कार्य आणि वाटसरू. वसुली करणाऱ्याचा पगार त्याच निधीतून ठरवून दिलेला आहे. त्याने रयतेपुढे हात पसरू नये याची ही सोय असावी, असे माझे कारकुनी अनुमान आहे. कर्जात बुडालेला मनुष्य स्वतंत्र सदरात आहे, हेही ध्यानात घ्यावे. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक शब्द आहे, तो 'हक्क'. श्रीमंतांच्या धनात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे, अशी भाषा कुराणात येते. म्हणजे देणारा उपकार करीत नाही. दुसऱ्याची अनामत त्याच्याकडे पडली होती, ती तो पोहोचती करतो. म्हणूनच दिल्यावर बोलून दाखवणे, घेणाऱ्याला दुखवणे याने दान वाया जाते असे सांगितले आहे. त्यापेक्षा गोड शब्द बोलून नकार देणे बरे.

मुसलमान नीतिशास्त्र हक्कांचे दोन वर्ग करते. ईश्वराचे हक्क ते 'हुकूकुल्लाह', आणि माणसांचे हक्क ते 'हुकूकुल-इबाद'. उपासनेत राहिलेली उणीव ईश्वर आपल्या कृपेने माफ करील. परंतु माणसाचे बुडवलेले देणे माफ करण्याचा अधिकार त्या माणसाचा. पैगंबरांनी सोबत्यांना एकदा विचारले, की दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्यापाशी पैसा नाही तो. पैगंबरांनी वेगळाच दिवाळखोर दाखवला: नमाज, रोजे, जकात यांचे ढीग घेऊन तो न्यायाच्या दिवशी येतो, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असते, कोणाचा पैसा खाल्लेला असतो, कोणावर हात उगारलेला असतो. दावेदार पुढे येतात, त्याचे पुण्य एकेकाला वाटले जाते, आणि ते संपले की त्यांची पापे याच्या नावे मांडली जातात. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांची थोर कल्पना आहे. तिच्या शेजारी वाण्याचे, मजुराचे, शेजाऱ्याचे ऋण इतक्या ठळकपणे मांडलेले पाहून मी थबकलो.

हे सारे वाचून इस्लामचा प्रत्येक अनुयायी असाच वागतो असे मी म्हणत नाही. मशिदीच्या सावलीत माप मारणारा भेटतो, तसा देवळाच्या दारातही भेटतो. शिकवण आणि आचरण यांतील अंतर कोणत्याही एका धर्माच्या नावावर मांडता येणार नाही. पण ते अंतर जेथे मिटलेले दिसते, त्या जागाही आपण पाहिल्या पाहिजेत.

कर्जाचे नऊ हप्ते फिटले होते, अठरा हजार. प्रत्येक हप्त्याला चचा दोन्ही कागद मागवीत आणि पाठीवर तारीख घालून सही करीत. दहाव्या महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, ते एका रात्रीच्या आजाराने गेले. सकाळी गल्लीत माणसे जमली, मीही उतरलो. जनाजा उचलण्यापूर्वी त्यांचा मुलगा पुढे आला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला जाणारा, तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. त्याने मोठ्याने सांगितले, की अब्बांकडे कोणाचे काही येणे असेल तर ते आता माझ्याकडे आहे. हा अनेक ठिकाणचा रिवाज आहे. त्यामागे एक जुना प्रसंग आहे: एका मृताच्या डोक्यावर दोन-तीन दिनारांचे कर्ज होते आणि ते फेडण्यापुरते त्याने मागे काही ठेवले नव्हते, म्हणून पैगंबरांनी त्याच्यासाठी नमाज पढण्यास नकार दिला, अबू कतादा यांनी ते कर्ज अंगावर घेतले तेव्हाच ते पुढे झाले. वारसाहक्काच्या आयतींतही क्रम असाच आहे. मृत्युपत्र आणि कर्ज यांच्यानंतरच वारसांचे वाटे.

मी काही बोललो नाही. मुलगाच माझ्यापाशी आला. त्याच्या हातात पेटीतला तो कागद होता. "भाईसाहब, बारह हज़ार बाक़ी हैं," तो म्हणाला. माझ्या ओठांवर आले होते, की राहू दे. अशा वेळी दुसरे काय बोलणार? परंतु त्याने माझ्याकडे पाहून हळूच विचारले, की आपण ते मनापासून माफ करीत असाल तर आम्ही आपले ऋणी राहू; पण केवळ संकोचाने म्हणत असाल तर म्हणू नका, कारण मग ते अब्बांच्या डोक्यावर तसेच राहील.

गावाकडील छपराचे काम त्या महिन्यात निघणार होते. आईचे दोन दूरध्वनी येऊन गेले होते. समोर पांढऱ्या चादरीखाली चचा होते. मी त्याला खरे ते सांगितले: पैसे मला लागणार आहेत, पण घाई नाही, तुला जमेल तसे दे. ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड होईपर्यंत मुदत द्यावी, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, असे त्या कर्जाच्या आयतीच्या दोन आयती अलीकडे सांगितले आहे. अधिक चांगले ते माझ्या ऐपतीत नव्हते. त्याच्या खालचे होते. "अब इत्मीनान है," तो म्हणाला, आणि खांदा द्यायला वळला.

त्या वर्षी गावी छपरावर ताडपत्री घालून पावसाळा काढला. आई थोडी कुरकुरली. मुलाने कधी हजार, कधी पाचशे असे करीत चौदा महिन्यांत सारे फेडले. शेवटच्या दिवशी त्याने शिंपी आणि चहावाले यांना बोलावून दोन्ही कागदांवर 'पूर्ण फिटले' असे माझ्याकडून लिहून घेतले, आणि आपली प्रत पुन्हा त्याच लोखंडी पेटीत ठेवली.

तेव्हापासून मी एक लहानशी वही ठेवली आहे. कोणाचे पुस्तक माझ्याकडे आहे, कोणाचे दोनशे रुपये द्यायचे आहेत, गावच्या कोणत्या सुताराची मजुरी राहिली आहे, ते तीत लिहितो. माझे इतरांकडे येणे काय, ते त्या वहीत नाही. देणे तेवढे आहे. ती कोठे ठेवलेली असते, हे पत्नीला सांगून ठेवले आहे.